काचेच्या अलीकडे मी, पलीकडे व्हर्लिन

खोटं तुम्ही लिहिलंत, साहेब. मी नाही, व्हर्लिननंही नाही.

एकाच तारखेला, एकाच सहीनं तुम्ही तुमच्या विमान खात्याकडून दोन पत्रं पाठवलीत. माझ्या पत्रात म्हणता, त्या सकाळी विमानावर हुकूम माझा होता, म्हणून चूक माझी, म्हणून माझा परवाना नव्वद दिवस जप्त. व्हर्लिनच्या पत्रात म्हणता, त्याच सकाळी, त्याच विमानावर हुकूम त्याचा होता, म्हणून चूक त्याची, म्हणून त्याच्या नावावर ठपका. आमच्या टपाल कचेरीतल्या आर्विलानं दोन्ही पत्रं खिडकीवर शेजारी शेजारी ठेवली, चष्मा वर केला आणि म्हणाली, "डॉट, यांच्या घरी दोन बायका असणार. एकीला एक सांगतात, दुसरीला दुसरं."

खुलाशासाठी तुम्ही तीन ओळींची जागा सोडली आहे. तीन ओळींत मी किराण्याची यादीसुद्धा लिहीत नाही. म्हणून हे. एक प्रत आमच्या साप्ताहिकाला दिली आहे, म्हणजे टपालात हरवली असं तुम्हाला म्हणता येणार नाही. टपाल तरी आता कोण आणतंय? ते मीच आणत होते.

माझं नाव डोलोरेस पेल्की, गावात डॉट म्हणतात, वय एकसष्ट. एका इंजिनाचं विमान घेऊन मी रोज सकाळी डुलूथ शहराहून आमच्या टॅमरॅक लेक गावाला टपाल आणते. व्हर्लिन आसगार्ड हा नियंत्रक, आमच्या विमानतळाच्या टॉवरवर बसतो. एकोणीस वर्षं मी वर आणि तो खाली, म्हणजे तोही तसा वरच, सत्तावीस पायऱ्या चढून. आमच्यात वाटणी साधी होती. माझ्या समोरच्या काचेच्या अलीकडे जे काही आहे ते माझं. इंजिन, इंधन, टपाल, मी. काचेच्या पलीकडे जे आहे ते त्याचं. कोण आधी, कोण मागून, कुणी कुठून वळायचं. मला तो "थांबा" म्हणाला की मी थांबते. पण थांबता येत नसेल तर मी "जमत नाही" म्हणते आणि तो पुढे एक अक्षर बोलत नाही. का जमत नाही हेसुद्धा विचारत नाही. लग्न झालेल्या माणसांना हे साधत नाही. आम्हाला साधलं होतं.

गुरुवारी मात्र उलटं. गुरुवारी संध्याकाळी आमचा कर्लिंगचा संघ. बर्फाच्या पट्टीवरून दगड सरकत जातो, दोघं झाडू घेऊन त्याच्या पुढचा बर्फ घासत पळतात म्हणजे दगड लांब जातो, आणि टोकाच्या गोलाजवळ कप्तान उभा राहून ओरडतो. कप्तान मी. घासणारे व्हर्लिन आणि आर्विला. तिथे मी ओरडायचं आणि त्यानं घासायचं. आठवडाभर त्यानं मला हवेत ताटकळत ठेवलेलं असतं, ते मी गुरुवारी वसूल करते.

आता एकोणीस एप्रिल.

त्या दिवशी टपालात कोंबडीची पिल्लं होती. एका दिवसाची. दर वसंतात येतात. चार खोकी, प्रत्येकात शंभर, झाकणांना भोकं, वर लिहिलेलं 'जिवंत माल, ऊब द्या'. बाहेर उणे सहा होतं. विमान दुरुस्तीसाठी दोन आठवडे शेडमध्ये पडून होतं आणि त्यानंतरची ही पहिलीच फेरी. मी हीटर पूर्ण सोडला. चारशे पिल्लं मागे चिवचिवत होती. इंजिनाचा आवाज मला ऐकू येईना, पण पिल्लं खूश होती.

टॅमरॅक लेक नऊ मैलांवर असताना वास आला. आधी केस जळल्यासारखा. मग गवत जळल्यासारखा. मग हीटरच्या नळीतून निळसर धूर.

तुमच्या नियमांच्या पुस्तकात अशा वेळी वैमानिकानं एक शब्द उच्चारायचा असतो. इमर्जन्सी. तो उच्चारला की आकाश मोकळं होतं, सगळे बाजूला होतात, हवं तिथे उतरा. पुस्तकात एवढंच लिहिलंय. सात वर्षांपूर्वी हवेत माझं दार उघडलं होतं तेव्हा मी तो शब्द उच्चारला. सुखरूप उतरले. त्यानंतर तुमचे कागद सुरू झाले. दार का उघडलं? दार उघडण्यापूर्वी तुमची मनःस्थिती कशी होती? कुटुंबात कुणाला दारं उघडी टाकायची सवय आहे का? अकरा आठवडे मी जमिनीवर. त्या दिवसापासून या भागातला एकही वैमानिक तो शब्द उच्चारत नाही. पंख गळून पडला तर आम्ही म्हणतो, जरा डावीकडे ओढतंय.

म्हणून मी रेडिओवर, माझ्या विमानाचा नंबर सांगून, म्हटलं, "टॉवर, चार सात पापा. नऊ मैल पूर्वेला. सरळ उतरायला आवडेल."

"चार सात पापा, नाही. पश्चिमेकडून जेट येतंय, चार मैलांवर. तुम्ही दुसऱ्या."

"पहिली आवडेल."

"कारण?"

"थोडा वास येतोय."

"कसला?"

"पिल्लं आहेत ना."

इथे पिल्लांनी साथ दिली. रेडिओवरचं बोलणं नोंदवणाऱ्या तुमच्या टेपवर ती स्पष्ट ऐकू येतात म्हणे. मी हीटर बंद केला होता आणि गारठ्यानं त्यांनी एका सुरात हंबरडा फोडला होता.

"पिल्लांचा वास नेहमी येतो," व्हर्लिन म्हणाला. "चार सात पापा, इमर्जन्सी जाहीर करताय का?"

"नाही. फक्त लवकर."

"लवकर असं काही माझ्याकडे नाही. एक तर रांग आहे, नाहीतर तो शब्द आहे. मधलं काही ठेवलेलं नाही."

"मधलं ठेवायला हवं होतं."

"ते मला नका सांगू. पुन्हा विचारतो. जाहीर करताय का?"

"नाही."

आणि मग मला खोकला आला. एकदाच. मी रेडिओच्या बटणावरून अंगठा काढायच्या आत.

 

"डॉट," तो म्हणाला. टेपवर पहिल्यांदा माझं नाव येतं ते इथे. "तू खोकलीस."

"माणूस खोकतो."

"तू नाही खोकत. एकोणीस वर्षांत रेडिओवर खोकली नाहीस. न्यूमोनिया झाला होता तेव्हासुद्धा नाही."

"व्हर्लिन, विमानात मी आहे."

"तू आत, मी बाहेर. आणि बाहेरून मला दिसतंय की तू मूर्खपणा करतेयस. तू म्हणत नाहीस तर मी म्हणतो. इमर्जन्सी. झालं जाहीर. जेट, उतरू नका, वर जा, उजवीकडे वळा. चार सात पापा, सरळ या, धावपट्टी तुमची."

जेटचा वैमानिक म्हणाला, "वर जातोय, उजवीकडे." बस. एवढंच. त्या सकाळी शहाणा माणूस तो एकच, आणि त्याला तुम्ही पत्र पाठवलं नाहीत.

त्या जेटमध्ये तिसऱ्या आसनावर तुम्ही होतात. आमचा टॉवर चालू ठेवावा की नाही हे ठरवायला येत होतात. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी धूर तोच होता.

आता चूक कुणाची ते सांगते, म्हणजे तुम्हाला शोधावं लागणार नाही. चूक माझी. तो शब्द मी उच्चारायला हवा होता, पहिल्याच वाक्यात. काचेच्या अलीकडचं काम माझं आणि ते मी केलं नाही. व्हर्लिनला काचेतून हात घालावा लागला. याबद्दल मला शिक्षा करा, मी मान खाली घालीन. पण तुम्ही शिक्षा त्याबद्दल केलीच नाहीत. पुढच्याबद्दल केलीत.

पुढचं असं. मी उतरले. नीट उतरले. आदल्या दिवशी वितळलेलं पाणी शेडच्या सावलीत पट्टीच्या शेवटच्या एक तृतीयांश भागावर रात्रीतून गोठलं होतं. मी ब्रेक दाबला. काही झालं नाही. म्हणजे झालं असं की विमान अंग आखडून सरकायला लागलं, एका सुरात, सावकाश, थेट टोकाच्या बर्फाच्या ढिगाकडे. गोठलेल्या पट्टीवरून काहीतरी जड असं सरकत निघालेलं मी तीस वर्षं दर गुरुवारी बघते. अशा वेळी माझ्या तोंडातून एकच गोष्ट निघते. आणि माझा अंगठा अजून बटणावर होता.

"घास!" मी ओरडले. "घास, व्हर्लिन, घास! जोरात! सोडू नकोस!"

आणि व्हर्लिन टॉवरमध्ये उठून उभा राहिला आणि ओरडला, "घासतोय!"

"नाही, नाही! थांब! लांब जाईल! घासू नकोस!"

"सोडलं! सोडलं!"

विमान थांबलं. ढिगापासून एका हातावर.

"कुठे थांबलं?" व्हर्लिननं विचारलं.

"गोलाच्या काठावर."

"चालेल," तो म्हणाला. मग त्याला आपण कुठे आहोत ते आठवलं असावं, कारण घसा खाकरून तो म्हणाला, "चार सात पापा, वेळ नऊ वाजून अकरा मिनिटं. सुखरूप का?"

"सुखरूप. चारशे एक."

हे सगळं टेपवर आहे. तुमच्या कचेरीत कुणीतरी ते टाइप केलं आणि तुम्ही वाचलंत. माझ्या पत्रातला दुसरा आरोप मी शब्दशः देते: 'वैमानिकाने नियंत्रकास घासण्याचा हुकूम दिला. वैमानिकास असा अधिकार कोणत्या कलमान्वये आहे ते कळवावे.' व्हर्लिनच्या पत्रात: 'नियंत्रकाने वैमानिकाचा हुकूम स्वीकारून घासण्याचे काम सुरू केले. हे काम कोणत्या कर्मचाऱ्याने, कोणत्या साधनाने केले आणि त्याची नोंद वहीत का नाही?' व्हर्लिननं सरळ मनानं उत्तर लिहिलं की साधन नव्हतं, हातात कॉफीचा मग होता. त्यावर तुमचं तिसरं पत्र आलं. मगाच्या वापराबद्दल.

मी तुम्हाला कमी लेखत नाही. तुम्ही चिडलात का ते मला समजतं. बर्फावर विमान अडकलं, ट्रॅक्टर येऊन ओढून नेईपर्यंत पट्टी बंद होती आणि तुमचं जेट चाळीस मिनिटं वर गोल गोल फिरत होतं. त्या छोट्या जेटमध्ये संडास नसतो हे मला नंतर कळलं. तुम्ही उतरलात आणि धावत इमारतीत आलात ते मी पाहिलं. मला वाटलं माझी विचारपूस करायला येताय.

आमच्या इमारतीत संडास एकच. छोटा, आणि इमारतीतली सगळ्यात ऊबदार जागा तीच, कारण गरम पाण्याची टाकी तिथे आहे. टपाल घ्यायला आलेल्या आर्विलानं चारही खोकी आत नेऊन जमिनीवर मांडली होती, झाकणं उघडली होती आणि दाराला पाठ लावून उभी होती.

तुम्ही म्हणालात, "बाजूला व्हा."

"जमत नाही," आर्विला म्हणाली.

"बाई, मी कोण आहे तुम्हाला माहीत आहे का?"

"नाही. पण आत कोण आहे ते माहीत आहे. चारशे आहेत. गारठलीत. दार उघडलं की ऊब जाते."

"या विमानतळावर माझा अधिकार चालतो!"

"विमानतळावर चालत असेल. आत टपाल आहे. मालकाच्या हातात पडेपर्यंत टपाल माझं. त्याला हात लावलात तर तुमच्यापेक्षा मोठ्या साहेबाला उत्तर द्यावं लागेल."

"किती वेळ?"

"पिवळी दिसायला लागेपर्यंत. आत्ता राखाडी आहेत."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी खांदे उडवले. तिच्या कामात मी कधी पडत नाही. मग तुम्ही बाहेर त्याच बर्फाच्या ढिगामागे गेलात. आम्ही सगळ्यांनी शिष्टाचार म्हणून दुसरीकडे पाहिलं. टॉवरला मात्र चारही बाजूंनी काचा आहेत. व्हर्लिननं खाली पाहिलं नाही असं तो शपथेवर सांगायला तयार आहे. त्याला विचारा. पण ती नोंद वहीत आहे का, हे तुम्ही एकाही पत्रात विचारलेलं नाही.

तुम्ही परत आलात तेव्हा तुमचा चेहरा शांत होता. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती. तुम्ही टॉवरच्या पायऱ्या चढलात आणि व्हर्लिनला म्हणालात, "तिला नंबर द्या."

आमच्या धंद्यात या वाक्याला सगळे घाबरतात. रेडिओवर टॉवर तुम्हाला फोन नंबर लिहून घ्यायला सांगतो, म्हणजे तुमचं काहीतरी चुकलंय आणि आता फोन करून उत्तर द्यायचं. तोवर मी पुन्हा ट्रॅक्टरशेजारच्या माझ्या विमानात जाऊन बसले होते. व्हर्लिननं नंबर सांगितला. मी लिहून घेतला. तो टॉवरचाच नंबर होता. एकोणीस वर्षं माझ्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. मी इमारतीत जाऊन फोन लावला.

"टॉवर," व्हर्लिन म्हणाला.

"मी बोलतेय."

"कोण मी?"

"व्हर्लिन, खिडकीतून मला बघतोयस. मी हात हलवतेय."

"नाव सांगा, बाई. साहेब मागे उभे आहेत."

"डोलोरेस पेल्की. शेवटचं अक्षर लांब ओढून लिही."

"कारण?"

"तूच बोलावलंस."

"ते खरंय," तो म्हणाला, आणि तुम्ही त्याच्या हातातून फोन घेतलात.

मेकॅनिकनं हीटरची नळी उघडली तेव्हा आत उंदराचं घरटं निघालं. दोन आठवड्यांत बांधलेलं. गवत, लोकर आणि माझ्याच तपासणीच्या कागदाचे तुकडे. उंदीर वेळेवर निसटला होता. तो अहवाल तुम्हाला पाठवला. तुमचा प्रश्न आला, विमानात उंदीर असल्याची पूर्वकल्पना वैमानिकास का नव्हती? साहेब, उंदरानं परवानगी मागितली नव्हती.

आणि शेवटचं कलम. 'चौकशी पूर्ण होईपर्यंत दोन्ही पक्षांनी एकमेकांशी संपर्क साधू नये.' तुम्ही ते सहज लिहिलं असेल. त्या गुरुवारी आमचा अंतिम सामना होता. व्हर्लिन नियम पाळणारा माणूस. क्लबात आला, झाडू घेतला आणि माझ्याकडे न बघता आपल्या जागी उभा राहिला. आर्विलाला मी म्हणायचं, ती त्याला सांगायची.

"आर्विला, त्याला सांग, घास."

"व्हर्लिन, डॉट म्हणतेय घास."

"तिला सांग, किती जोरात?"

"डॉट, तो विचारतोय, किती जोरात."

तोवर दगड थांबलेला. आम्ही एकूण नऊ गुणांनी हरलो. समोरच्या संघाला वाटलं आम्ही त्यांची टिंगल करतोय.

लोक हसले. मीही हसले. पण घरी आल्यावर हसू आलं नाही. त्या धुरात मला पहिला विचार आगीचा आला नाही. पहिला विचार तुमचा आला. पुन्हा अकरा आठवडे, एकसष्टाव्या वर्षी, आणि या वयात एकदा खाली बसवलं की पुन्हा वर सोडत नाहीत. तुमचा कागद मला धुरापेक्षा भयंकर वाटला. वैमानिक जळायला तयार होतो पण बोलायला तयार होत नाही, ही तुमची कमाई. आणि जो माणूस बोलला त्यालाही तुम्ही धरलंत. उद्या दुसरं कुणी खोकेल तेव्हा व्हर्लिन काय करेल? तो म्हणतो, हेच करीन. मला तो म्हणाला नाही, संपर्कबंदी आहे. आर्विलाला म्हणाला.

नव्वद दिवसांतले एकेचाळीस गेले. टपाल ट्रकनं येतं, तीन दिवस उशिरा. मागच्या आठवड्यात पिल्लं आली. आर्विलानं खोकी उघडली, झाकणं पुन्हा लावली आणि फावडं आणायला गेली.

तुम्ही मला दहा दिवसांत उत्तर मागितलं होतंत, उशिरा का होईना, हे ते उत्तर. आता माझे दहा दिवस सुरू. माझी तीन ओळींची जागा मी तुम्हाला परत देते. तुम्हाला एकच ओळ लागेल. त्या सकाळी नऊ ते नऊ अकरापर्यंत माझ्या विमानावर हुकूम कुणाचा होता? माझा असेल, तर व्हर्लिनच्या नावावरचा ठपका पुसा. त्याचा असेल, तर माझा परवाना परत द्या आणि त्याचा जप्त करा. त्याच्याकडे परवाना नाही, त्याला शिडीवर चढलं तरी गरगरतं, पण ती तुमची अडचण. दोघांचा होता असं लिहायची परवानगी नाही. ती पळवाट दोन पत्रं लिहून तुम्हीच बंद केलीत.

आणि तिसरं नाव लिहायचं धाडस असेल, तर तेही चालेल. कारण मी तोंड दाबून धरलं होतं तेव्हा माझ्या शेजारच्या आसनावर कुणीतरी बसलं होतं. माझ्याकडे बोट रोखून, हातात कोरे फॉर्म घेऊन. मी नव्हते. व्हर्लिन नव्हता. मग कोण होतं, साहेब?